डायलचा आकडा आणि टेबलाची खरी जागा

व्हर्निअर कॅलिपर्स शिकवताना आपण मुलांना आधी शून्यत्रुटी पाहायला सांगतो. उपकरण म्हणेल ते खरे मानू नये, हा त्यातला धडा. हाच धडा मुंबईच्या कारखान्यांतही गिरवला गेला.

कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला मुंबईतील पहिली सूतगिरणी काढली. 1879 साली परळला रेल्वेचा वर्कशॉप उभा राहिला. गिरण्यांना आणि इंजिनांना सुटे भाग सतत लागत. ते करणाऱ्या यंत्रांपैकी एक मिलिंग मशीन. त्यात दातेरी कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबलावर बांधलेले काम त्याच्याखालून सरकते. टेबल किती सरकले, हे हँडलच्या डायलवर वाचायचे.

पण डायल टेबल मोजत नाही, स्क्रूचे फेरे मोजतो. समजा, स्क्रूची पिच 5 मिमी आहे आणि डायलवर 250 भाग आहेत. म्हणजे एक भाग 0.02 मिमी. नट झिजून 0.3 मिमी ढिला झाला, तर दिशा बदलताना डायल 15 भाग फिरतो, टेबल मात्र जागेवरच! म्हणून जाणते कारागीर नेहमी एकाच बाजूने मापावर येत. पण स्क्रू मधल्या भागात जास्त झिजतो. ती चूक या युक्तीने जात नाही.

मग स्क्रूला न विचारता टेबलच मोजले तर? उत्तराचे मूळ 1874 सालचे आहे. समान रेषांच्या दोन जाळ्या किंचित तिरप्या ठेवल्या की जाड काळे पट्टे दिसतात, त्यांवरून जाळ्यांची परीक्षा करता येते, असे लॉर्ड रॅले यांनी दाखवले. एक जाळी एका रेषेइतकी सरकली, की पट्टा स्वतःच्या पूर्ण रुंदीइतका सरकतो. 1950 च्या दशकात एडिंबरोच्या फेरांटी कंपनीने यंत्रांच्या नियंत्रणासाठी हेच पट्टे वापरले. पुढे यातूनच अंकवाचक घडले. काचपट्टीवर दर 20 मायक्रॉनला एक रेषा असते. प्रकाशाचे दोन संकेत पाव टप्प्याच्या अंतराने घेतले, की एका रेषेमागे चार मोजण्या, म्हणजे 5 मायक्रॉन मिळतात. दुसऱ्या संकेतामुळे दिशाही कळते.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि हात बसलेल्या माणसांचे काम गेले. अशा कारागिराने छोटा वर्कशॉप काढायचा, तर नवे यंत्र परवडणे कठीण. जुन्या यंत्राला काचपट्टी लावणे हा त्यातला स्वस्त मार्ग.

मात्र झिजलेले यंत्र त्याने नवे होत नाही. कटरच्या रेषेपासून पट्टी 200 मिमी दूर असेल आणि झिजलेल्या घसरपट्ट्यांवर टेबल 10 विकलांनी वळले, तर सुमारे 10 मायक्रॉनची चूक होते आणि पडद्यावर ती दिसत नाही. एर्न्स्ट आबे यांनी 1890 साली सांगितलेले तत्त्व ते हेच: मोजपट्टी मोजायच्या रेषेतच असावी. कटर दाबाखाली किती वाकला, हेही पट्टीला कळत नाही. ते कारागिराच्या कानाला आणि हाताला कळते.

वर्गात दोन सारख्या कंगव्या एकमेकींवर किंचित तिरप्या धरून उजेडाकडे पाहू या. एक कंगवा हळूच सरकवला, की पट्टे धावतील. मग मुलांना विचारू: आकडा बरोबर आहे, पण तो नेमके काय मोजतो आहे?