घड्याळाने वाचवलेल्या शाळा

10 मार्च 1933, शुक्रवार. दक्षिण कॅलिफोर्नियातील लाँग बीच परिसरात संध्याकाळी 5 वाजून 54 मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता 6.4, त्या प्रदेशाच्या मानाने मध्यमच. मृत्यू सुमारे 120. मात्र नंतरच्या पाहणीत 70 शाळा उद्ध्वस्त आणि आणखी 120 शाळांची मोठी हानी झालेली आढळली. शाळा सुटून दोन-अडीच तास झाले होते. हाच धक्का दुपारी बसला असता तर काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

बरोबर एका महिन्याने, 10 एप्रिलला, ‘फील्ड कायदा’ संमत झाला. विधानसभा सदस्य चार्ल्स फील्ड यांनी तो मांडला होता. ते महामंदीचे दिवस होते. भूकंपाच्या दिवशी देशातील बँकांनाही सक्तीची सुट्टी होती. तशा काळात बांधकामाचा खर्च वाढवणारा कायदा इतक्या लवकर व्हावा, याचे मला विशेष वाटते. झालेल्या मृत्यूंनंतर कायदे होतातच. हा कायदा प्रामुख्याने टळलेल्या मृत्यूंमुळे झाला.

तेथील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे. ते केवळ शाळांसाठीचे स्वतंत्र स्थानिक मंडळ असते आणि कर्जरोखे काढून इमारती बांधते. पडलेल्या शाळांत विटांच्या, पोलादी सळ्या नसलेल्या भिंती होत्या. चुन्याचा दर्जा अनेक ठिकाणी हलका होता. दर्शनी भागावर वजनदार नक्षी होती. फील्ड कायद्याने आराखड्याची तपासणी मंडळाच्या हातून काढून राज्याच्या वास्तुशिल्प विभागाकडे दिली. कामावर ठेकेदाराच्या अधीन नसलेला निरीक्षक सतत हजर असावा, आणि वास्तुविशारद, अभियंता, निरीक्षक व ठेकेदार यांनी ‘काम मंजूर आराखड्याप्रमाणेच झाले’ असे सहीनिशी लिहून द्यावे, असे ठरले. खोटे लिहिणे हा गंभीर गुन्हा. माझ्या मते या कायद्याचा प्राण गणितापेक्षा या सह्यांमध्ये आहे.

पण जुन्या इमारतींचे काय? फील्ड कायदा फक्त नव्या बांधकामाला लागू होता. 1939च्या गॅरिसन कायद्याने असुरक्षित ठरलेल्या जुन्या शाळांची जबाबदारी मंडळांवर टाकली. त्यातून अनेक मंडळांनी सोपी वाट शोधली: तपासणीच करायची नाही. तपासणी नाही, तर इमारत असुरक्षितही नाही! ही पळवाट बुजवणारे ग्रीन कायदे यायला 1960चे दशक संपत आले. म्हणजे एका महिन्यात झालेल्या कायद्याची उरलेली अर्धी बाजू पूर्ण व्हायला एक पिढी गेली.

गेली काही वर्षे मी एका वहीत भूकंपांच्या वेळा टिपून ठेवतो. कॅलिफोर्नियाच्या पानावर एक विलक्षण गोष्ट दिसते. 1940, एल सेंट्रो: रात्री साडेआठनंतर. 1952, कर्न काउंटी: जुलैतील पहाट. 1971, सॅन फर्नांडो: सकाळचे 6. 1989, लोमा प्रिएटा: संध्याकाळचे 5 वाजून 4 मिनिटे. 1994, नॉर्थरिज: पहाटे 4.31, तोही सुट्टीचा दिवस. फील्ड कायद्याच्या इमारती यांत चांगल्या टिकल्या. मात्र वर्ग भरलेले असताना त्यांची कसोटी लागली नाही. नॉर्थरिजला भिंती उभ्या राहिल्या, पण काही वर्गांत छताला टांगलेले दिवे रिकाम्या बाकांवर कोसळले. बाकाखाली शिरण्याचा सराव नेमाने करून घेण्याचे बंधन 1984च्या कॅट्झ कायद्याने शाळांवर घातले होते. त्याचे मोल अशा वेळी कळते.

वहीतील आपली पाने वेगळे सांगतात. कोयना, 11 डिसेंबर 1967: पहाट. किल्लारी, 30 सप्टेंबर 1993: पहाटे 3.56. येथेही शाळा रिकाम्या होत्या, पण मुले दगड-मातीच्या घरांत झोपलेली होती. शाळेला वाचवणारी वेळ घरावर उलटली. आणि 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास गुजरातमधील अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतील मुले अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली सापडली. 12 मे 2008 रोजी चीनच्या सिचुआनमध्ये दुपारी 2.28 वाजता वर्ग भरलेले होते; सरकारी आकड्यानुसार 5,335 विद्यार्थी मृत वा बेपत्ता झाले.

लाँग बीचने दुपारची कल्पना करून कायदा केला. सिचुआनमध्ये ती दुपार प्रत्यक्ष आली. आपल्या गावातील शाळेकडे पाहताना म्हणून मी एकच प्रश्न विचारतो: ‘ही इमारत टिकेल’ असे लिहून खाली सही कोणी केली आहे?