चिंपांझी पेन्शनीत निघतात

३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरलहून एक रॉकेट उडालं. आत माणूस नव्हता. कॅमेरूनच्या जंगलातून पकडून आणलेलं साडेतीन वर्षांचं चिंपांझीचं पोर होतं. उड्डाणाआधी कागदोपत्री त्याचा नुसता नंबर होता, ६५. तो जिवंत परतला तेव्हा हॅम हे नाव जगभर झालं. त्याचे दात विचकलेले फोटो छापून आले आणि लोकांना वाटलं, स्वारी खुशीत आहे. चिंपांझी भेदरला की असे दात दाखवतो, हे तेव्हा कितीजणांना ठाऊक होतं?

दिवा लागला की दांडा दाबायचा, हे त्याचं काम. बरोबर जमलं तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकलं तर तळपायाला विजेचा झटका. त्याच नोव्हेंबरात एनॉस नावाच्या दुसऱ्या चिंपांझीने पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या. यंत्र बिघडल्यामुळे बरोबर दांडा दाबूनही त्याला झटके बसत राहिले, आणि तरीही तो शिकवल्याप्रमाणेच वागत राहिला. वर्ष भरायच्या आत तो आमांशाने मेला. हॅमला प्राणिसंग्रहालय मिळालं. तो १९८३ साली गेला.

पण न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावाजवळच्या हॉलोमन हवाई तळावर जे बाकीचे राहिले, त्यांचं काय? माणूस अंतराळात जाऊ लागल्यावर त्यांची गरज संपली. मग हवाई दलाने हे चिंपांझी वैद्यकीय संशोधनासाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली. आपण घोडा भाड्याने देतो, तसे! त्यांना पिल्लंही होत गेली, आणि ती पिल्लंही त्याच कामाला लागली.

१९८६ साली एड्सच्या धास्तीने अमेरिकी सरकारने चिंपांझींच्या पैदाशीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अंदाज असा की, माणसाच्या इतका जवळचा प्राणी याच रोगाने आजारी पडेल आणि लस शोधायला मदत होईल. विषाणू टोचले, पण बहुतेक चिंपांझी आजारीच पडेनात. संशोधनाच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरले. आता हा प्राणी पिंजऱ्यात पन्नास-साठ वर्षंही जगू शकतो. म्हणजे प्रयोग दोन वर्षांचा आणि पोसायचं चाळीस वर्षं. हा हिशेब कुणी आधी मांडलेलाच नव्हता. नको असलेल्यांना मारून टाकावं का, इथपर्यंत चर्चा गेली. १९९७ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने त्याला स्पष्ट नकार दिला.

त्याच सुमारास हवाई दलाने आपले चिंपांझी काढून टाकायचं ठरवलं. बहुतेक गेले अलामोगोर्डोच्याच कौल्स्टन फाउंडेशन या प्रयोगशाळेकडे, जिच्यावर प्राण्यांच्या हेळसांडीबद्दल सरकारी कारवाया झाल्या होत्या. कॅरोल नून या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हवाई दलावर दावा लावला आणि एकवीस चिंपांझी मिळवले. २००२ साली कौल्स्टनचं दिवाळं वाजलं, तेव्हा नूनबाईंच्या संस्थेने प्रयोगशाळाच घेतली. त्यात २६६ चिंपांझी होते.

मला या कथेत सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि त्याला वर्तमानपत्रांत सगळ्यात कमी जागा मिळाली. एवढ्यांना एकदम हलवणं शक्य नव्हतं. अनेकजण वर्षानुवर्षं सिमेंटच्या खोलीत एकटे राहिलेले. दुसऱ्या चिंपांझीशी वागायचं कसं, हेच त्यांना माहीत नाही. तेव्हा आधी शेजारच्या पिंजऱ्यांमधली दारं उघडली. पांघरुणं आली, ताजी फळं आली. हळूहळू कुटुंबं जमवली. मग एकेक टोळी खास बांधलेल्या गाडीतून फ्लॉरिडात फोर्ट पिअर्सला. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून तिथे भिंतींऐवजी पाणी खेळवून बारा बेटं केलेली. काहीजण गवतावर पाय टाकायलाच तयार नव्हते. जन्मात कधी जमीन पाहिलेली नाही, त्याला ती भीतीचीच! शेवटची टोळी डिसेंबर २०११ मध्ये पोचली. नूनबाई २००९ सालीच गेल्या होत्या.

सरकारच्या मालकीच्या चिंपांझींसाठी २००० साली कायदा झाला. आश्रयस्थानाच्या चालू खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा सरकारने उचलायचा, उरलेला संस्थेने वर्गणीतून जमवायचा. लुइझियानात ‘चिंप हेवन’ उभं राहिलं आणि २००५ साली पहिले पेन्शनर आले. मेख एवढीच की, गरज पडली तर त्यांना पुन्हा संशोधनाला बोलावण्याची सोय कायद्यात ठेवली होती. ती २००७ साली काढली. २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने राखून ठेवलेले शेवटचे पन्नासही मोकळे करायचं जाहीर केलं.

तरी अलामोगोर्डोत काही उरलेच. २०१९ साली आरोग्य संस्थेने सांगितलं की, तिथले चव्वेचाळीस चिंपांझी म्हातारे नि आजारी आहेत, प्रवास झेपणार नाही, आहेत तिथेच राहू द्या. म्हणणं अगदीच पोकळ नाही. हृदयविकाराच्या प्राण्याला शेकडो मैल नेण्यात धोका असतोच. पण ते इतके म्हातारे होईपर्यंत कुणी थांबवून ठेवलं होतं? प्राणिमित्र संस्था न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की, अशा चिंपांझींना आश्रयस्थानी न पाठवणं हा कायद्याचा भंग आहे. तोवर त्या चव्वेचाळिसांपैकी कित्येकजण मरून गेले होते.