कायद्यातील दोन शब्दयोगी पदे

इंग्रजीतील शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी बसते, मराठीतले मागून येते, एवढे शाळेत सांगतात. कामगाराला त्यापुढेही जावे लागते.

ब्रिटिश पार्लमेंटने 1897 साली धोक्याच्या काही धंद्यांपुरता अपघात-भरपाईचा कायदा केला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगाराच्या शिरावरून उतरले. त्याचीच शब्दरचना 1923 च्या हिंदी कायद्यात आली : अपघात ‘आउट ऑफ अँड इन द कोर्स ऑफ’ एम्प्लॉयमेंट झालेला हवा. नाम एकच, त्याला जोडलेली पदे दोन. पहिले पद कारण विचारते : अपघात कामातून उद्भवला काय? दुसरे विचारते : काम चालू असता घडला काय? मधल्या ‘अँड’मुळे दोन्ही उत्तरे ‘होय’ हवीत.

1952 साली पोरबंदरजवळच्या मिठागरातून परतणारे काही कामगार खाडीत होडी उलटून बुडाले. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तो प्रवास दुसऱ्या पदात बसत नाही. भरपाई नाकारली गेली. 2009 साली कायद्याचे नाव बदलले. ही पदे तशीच राहिली.

म्हणून इंग्रजी करार वाचताना आधी हे लहान शब्द शोधा, आणि प्रत्येक शब्द कोणत्या नामाला धरून आहे ते पाहा. सही त्यानंतर करा.