नदीचे जैविक व अधिवास सर्वेक्षण

नदीचे जैविक व अधिवास सर्वेक्षण म्हणजे नदीतील सजीव आणि त्यांच्या राहण्याच्या जागा यांची पद्धतशीर पाहणी करून नदीचे पर्यावरणीय आरोग्य ठरविण्याची पद्धत होय. पाण्याच्या रासायनिक तपासणीतून नमुना घेतला त्या वेळची स्थिती कळते. तळाशी राहणारे जीव मात्र आठवडे वा महिने एकाच ठिकाणी असतात. त्यामुळे मधल्या काळात येऊन गेलेल्या प्रदूषणाचा परिणामही त्यांच्यावर दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी परिसरासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात या दोन्ही पाहण्या एकत्र करणे विशेष आवश्यक असते.

इतिहास

१९०८–०९ मध्ये कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी सेंद्रिय प्रदूषण आणि त्यात आढळणारे सजीव यांची सांगड घालणारी 'सॅप्रोबिक' पद्धत मांडली. १९८१ मध्ये अमेरिकेतील जेम्स कार यांनी माशांवर आधारित 'जैविक अखंडता निर्देशांक' सुचविला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलविषयक निर्देशानुसार नद्यांची पर्यावरणीय स्थिती ठरविताना सजीवांचा विचार बंधनकारक झाला. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशीय प्राण्यांवर आधारित जैविक निकष तयार केले आहेत.

जैविक सर्वेक्षण

प्रवाहाच्या खालच्या बाजूस जाळी धरून पायाने तळ ढवळला जातो. दगड, पाणवनस्पती आणि गाळ यांतील प्राणीही गोळा करून कुळांनुसार ओळखले जातात. प्रत्येक कुळाला प्रदूषणाबाबतच्या संवेदनशीलतेनुसार १ ते १० गुण असतात. स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय यांच्या काही कुळांच्या अळ्यांना भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून त्यांचे गुण सर्वाधिक असतात. ट्युबिफेक्स कृमी आणि कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. कमी प्राणवायूच्या गाळातही त्या तग धरतात, म्हणून त्यांचे गुण सर्वांत कमी असतात.

या गुणांच्या सरासरीला 'सॅप्रोबिक गुणांक' म्हणतात. त्याच्या जोडीला ० ते १ या दरम्यानचा 'विविधता गुणांक' काढला जातो. या दोहोंवरून पाण्याची 'स्वच्छ' ते 'तीव्र प्रदूषित' अशा पाच वर्गांत विभागणी होते. याशिवाय मासे, शैवाल, पाणवनस्पती व पक्षी यांचाही अभ्यास केला जातो.

अधिवास सर्वेक्षण

यात पात्राची रुंदी व खोली, प्रवाहाचा वेग, डोह आणि उथळ खळाळ यांचा क्रम, तळाचे स्वरूप, काठांची धूप, काठावरील झाडोरा आणि मानवी हस्तक्षेप यांची नोंद होते. ब्रिटनमधील पद्धतीत नदीचा ५०० मीटर लांबीचा पट्टा घेऊन दहा ठिकाणी तपशीलवार नोंदी केल्या जातात. अमेरिकेतील पद्धतीत दहा घटकांना प्रत्येकी २० पर्यंत, म्हणजे एकूण २०० पर्यंत गुण दिले जातात.

कुर्डुवाडी परिसरातील नद्या

कुर्डुवाडी ज्या माढा तालुक्यात आहे, तो भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यान वसला आहे. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात वार्षिक पाऊस साधारण ५५० मिलिमीटर पडतो.

भीमेवर माढा तालुक्यात १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण आहे. मुळा-मुठा नदीतून येणारे पुणे शहराचे सांडपाणी धरणाच्या वरच्या बाजूस भीमेला मिळते. वाहत्या नदीचे स्थिर जलाशयात रूपांतर झाले की प्रवाहप्रिय मासे मागे पडतात. मूळचा आफ्रिकेतील आणि स्थानिक मच्छीमारांत 'चिलापी' म्हणून परिचित असलेला तिलापिया अशा पाण्यात फोफावतो. धरणाखालील भीमेचा प्रवाह मुख्यतः पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

सीना ही मुळात हंगामी नदी आहे. भीमा–सीना जोडकालव्याच्या बोगद्यातून उजनीचे पाणी तिच्यात सोडले जाते. त्यामुळे तेथे आढळणाऱ्या जीवांवर पावसाबरोबरच आवर्तनांचाही प्रभाव पडतो. पुढे दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे ती भीमेला मिळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीतील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी सर्वाधिक ५३ महाराष्ट्रातील होते. त्यांत भीमेचाही समावेश होता. ही यादी मुख्यतः पाण्यातील जैवरासायनिक प्राणवायू मागणीवर आधारित होती. वाळूउपशाने उघडा पडलेला तळ, बंधाऱ्यांमुळे साचलेला गाळ किंवा काठावरील झाडोऱ्याचा ऱ्हास अशा यादीत उमटत नाही. तो नोंदविण्यासाठी अधिवास सर्वेक्षण लागते.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची काळजी

कमी गुणांक म्हणजे प्रदूषणच, असे मानणे चुकीचे ठरू शकते. नुकत्याच कोरड्या पडून पुन्हा वाहू लागलेल्या पात्रात पाणी स्वच्छ असूनही जीव थोडे असतात. वाळू उपसलेल्या जागी त्यांना आसराच उरत नाही. पहिल्या स्थितीत प्रवाहाचे नियोजन, दुसऱ्या स्थितीत तळाचे संरक्षण, तर सांडपाण्याच्या बाबतीत शुद्धीकरण हा उपाय असतो. कारण चुकीचे ठरविल्यास शुद्धीकरणावर खर्च होऊनही नदी सुधारत नाही.

तुलनेसाठी निवडलेले संदर्भस्थळही त्याच प्रकारचे असावे लागते. थंड व वेगवान प्रवाहात वाढणाऱ्या स्टोनफ्लायच्या अळ्या दख्खनच्या उष्ण, सपाट पात्रात नैसर्गिकरीत्याच विरळ असतात. म्हणून भीमाशंकरजवळील उगमप्रवाहाचे मोजमाप माढा तालुक्यातील भीमेला लावता येत नाही. पावसाळ्यातील पुरानेही तळाचे जीव वाहून जातात. यासाठी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, त्याच ठिकाणी, अनेक वर्षे पाहणी करणे उपयुक्त ठरते.

हेही पाहा

भीमा नदी
सीना नदी
उजनी धरण
जलप्रदूषण