शेरवानीचा चुलतभाऊ

लग्नातल्या सूटची कॉलर एकदा उभी करून पाहावी. लॅपलच्या दोन्ही बाजू उलगडून छातीवर एकमेकींवर आणाव्यात. कॉलरची टोके गळ्यापाशी समोरासमोर येतात आणि खुल्या गळ्याचा कोट बघता बघता बंद गळ्याचा होतो. डाव्या लॅपलवरच्या ज्या काजात हल्ली फार तर गुलाब खोचतात, त्याचाही उलगडा तेव्हा होतो. त्याचे बटण एके काळी दुसऱ्या बाजूला असे. कॉलर आणि लॅपल यांच्यामधली ती टोकदार खाच म्हणजे जुन्या बंद गळ्याची मोकळी सुटलेली जागा.

गळा मोकळा सुटला तो युरोपात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कोटाची कॉलर उंच होत गेली, मग दुमडली गेली आणि वरची बटणे उघडी टाकायची रीत पडली. 1800 च्या सुमारास लंडनच्या शिंप्यांनी ही दुमड इस्त्री आणि टाक्यांनी कायमची केली. काही काळ इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी नखरेल खाचही चालली. टिकली मात्र साधी.

हा कोट पुढे जिथे पोहोचला त्या मराठवाड्याला शिवणकाम नवे नव्हते. शिंपी समाज ज्यांना आपले मानतो ते संत नामदेव नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे मानले जातात. पण जुन्या अंगरख्याला आणि बाराबंदीला बंद असत, कॉलर नसे. उभी कॉलर इथे रुजली ती निजामी अमलात, शेरवानीबरोबर. आता गंमत अशी की, शेरवानीच्या घडणीत अचकनीइतकाच युरोपीय फ्रॉक कोटाचाही हात आहे. म्हणजे हैदराबादी शेरवानी आणि मुंबईकडून आलेला साहेबी कोट हे चुलतभाऊच. एकाने गळा बंद ठेवला, दुसऱ्याने उघडला.

दोघांची गाठ घालून देण्यात रेल्वेचाही वाटा असणार. नांदेड 1900 च्या सुमारास सिकंदराबाद-मनमाड मार्गावर आले. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पोहोचली आणि कुर्डुवाडीमार्गे मुंबईची वाट सोपी झाली. तिथली गंजगोलाईची पेठ वसली ती त्यानंतर. राज्यकारभाराचे तोंड हैदराबादकडे आणि मालाचे मुंबईकडे, अशा गावात टेलरला दोन्ही गळे शिवता येणे भाग होते.

दोन्हींत उघडा गळा जास्त छळतो. शेरवानीची कॉलर ताठ उभी राहिली की निम्मे काम झाले. कोटाच्या कॉलरीला मानेभोवती वळायचे, खाली पडायचे आणि लॅपलला बिनसुरकुती भेटायचे असते. म्हणून खालची कॉलर उरेब कापडात कापतात, म्हणजे ती ताणली जाऊन वळते. वरची कॉलर जराशी मोठी ठेवतात, कारण दुमडीवरून जाताना तिला जास्त कापड लागते. जाड लोकरी कापडाला ही वाढ अधिक, पातळ टेरीकॉटला कमी. समान कापल्या तर टोके वर उचलतात, आणि गिऱ्हाईक दोष इस्त्रीला देते. आत कॅनव्हास बारीक तिरप्या टाक्यांनी असा बसवतात की सुई कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलते. बाहेरून टाका दिसता कामा नये.

खरी परीक्षा खाचेच्या बिंदूवर. कॉलरची शिवण जिथे लॅपलला भेटते तिथे मशीन नेमके थांबले पाहिजे. एक टाका पुढे गेला की चुणी, एक मागे राहिला की भोक. शेवटचा टाका पुष्कळ कारागीर मशीनवर सोडतच नाहीत, चाक हाताने फिरवून घेतात. मग शिवणीच्या आतल्या माया छाटायच्या, कोपऱ्यापर्यंत कातर द्यायची, ओल्या फडक्यावरून इस्त्री मारून शिवण उघडायची. डावी-उजवी खाच एकाच उंचीवर आली का, हे पाहायला टेपपेक्षा दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवणे बरे.

1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. शेरवानी मात्र कपाटात गेली नाही. बार कौन्सिलच्या नियमांत पुरुष वकिलांसाठी बंद गळ्याचा काळा कोट, अचकन, काळी शेरवानी आणि खुल्या छातीचा काळा कोट हे सगळे चालतात. नांदेड-लातूरच्या न्यायालयांत मात्र खाचवाल्या कोटाचेच राज्य. बंद गळ्याची शान राजकारणात दिसली ती लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे नेते शिवराज पाटील यांच्या सूटमध्ये.

तयार ब्लेझर आले तशी हाताच्या टाक्यांची जागा गरम प्रेसने चिकटवलेल्या फ्युजिंगने घेतली. काम झटपट झाले आणि खाच साच्यातून काढल्यासारखी सरळ येऊ लागली. पण हलक्या प्रतीचे फ्युजिंग धुलाईत सुटते आणि लॅपलवर फुगे येतात. कित्येक ब्लेझरांचे लॅपलवरचे काज तर नुसते दोऱ्याचे, चिरलेलेच नसते. असे कोट आल्टरला आले की मास्तर बाही आखूड करून देतात, कंबर आत घेतात. कॉलर उसवायची म्हटली की दर आधी ठरवून घेतात, कारण त्यासाठी अस्तरापासून सगळा गळा उघडावा लागतो.