बोगनवेल कुणाची?

मे महिन्यात सोलापूरला घरी गेले होते. उन्हाने गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, आणि फाटकावरची बोगनवेल मात्र राणी रंगाने नुसती पेटली होती. घरात सगळे तिला 'अप्पांची वेल' म्हणतात. अप्पांनी फक्त फाटक बसवलं. फांदी शेजारून मागून आणली, खोचली, वाढवली ती आजीने. (आत्या, वाचत असशील तर साक्ष द्यायला ये!)

पुण्याला परत आल्यावर सहज या नावाचा इतिहास काढून बसले, आणि तिथेही तेच!

लुई आंत्वान द बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेच्या दुसऱ्या जहाजावर, 'एत्वाल'वर, फिलिबेर कॉमेरसन हा वनस्पतितज्ज्ञ होता, आणि त्याच्यासोबत 'झाँ' नावाचा नोकर. हा नोकर म्हणजे झान बारे, बर्गंडीतल्या गरीब घरातली बाई. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाचा वेश. कॉमेरसनचा पाय जखमेने सडलेला, त्यामुळे डोंगर चढायचे तिने, शिधा, बंदुका आणि झाडं दाबायच्या कागदांचं ओझं वाहायचं तिनेच. तो तिला आपलं ओझ्याचं जनावर म्हणायचा, असं खुद्द बूगँव्हिलने लिहून ठेवलंय. कौतुकानेच म्हणे!

१७६७ मध्ये रिओ द जानेरोला ही वेल त्यांच्या हाती लागली. कॉमेरसनची अवस्था पाहता ती तोडणारे हात झानचेच असावेत, असं आज बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. नाव मात्र मिळालं कप्तानाचं. ते छापून आलं १७८९ साली, जुसियूच्या ग्रंथात.

झानचं बिंग १७६८ मध्ये ताहितीत फुटलं. पुढे दोघं मॉरिशसला उतरले, तिथे १७७३ साली कॉमेरसन वारला. तिने एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं, मायदेशी परतली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ मध्ये सरकारने तिला वर्षाला २०० लिव्हरची पेन्शन दिली, म्हणजे दखल अगदीच घेतली नाही असं नाही. कॉमेरसननेही मादागास्करच्या एका झाडाला तिचं नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही. शेवटी २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या, वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका रानवेलीला 'सोलानम बारेटी' हे नाव मिळालं. तिच्या मृत्यूनंतर तब्बल २०५ वर्षांनी!

आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वेल ठाऊक होती. "हिला लाडावू नकोस, माजते," म्हणायची. खरंच आहे ते. पाणी आणि शेणखत भरपूर दिलं की नुसता पाला. मुळं धरली की पाणी तोडायचं, पानं जराशी मलूल झाली की मगच तांब्याभर. बहर ओसरला की छाटायची, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. खरं फूल म्हणजे आतली ती पांढरी इवलीशी नळी. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं. (माझी मुलगी अजून विश्वास ठेवत नाही.)

येताना दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. एक वाळली. दुसरीला काल कोंब दिसला. कुंडीवर खडूने आजीचं नाव लिहिलंय. पहिल्या पावसात पुसलं जाईल, तेव्हा ऑइल पेंट आणायला हवा.