रांजण न फोडणारा व्यापारी

कात्रजहून आम्ही बोलतोय. आजची गोष्ट पुन्हा पुन्हा जन्म घेणाऱ्या व्यापाऱ्याची. जातककथा म्हणजे गौतम बुद्धांच्या आधीच्या जन्मांच्या कथा. पाली संग्रहात त्या 547 आहेत. त्यांत ते कधी हत्ती, कधी माकड, कितीदा तरी व्यापारी.

पहिल्याच कथेत काशीचा हा व्यापारी 500 गाड्यांचा तांडा घेऊन निघतो. त्याच्या आधी दुसरा एक जण गेलेला. वाळवंटात त्याला ओल्या केसांचा, कमळं माळलेला यक्ष भेटला. म्हणाला, पुढे पाऊसच पाऊस, रांजणांचं ओझं कशाला? त्यानं रांजण फोडले आणि सारा तांडा संपला. मागून आलेल्या आपल्या व्यापाऱ्यालाही यक्षानं तेच सांगितलं. यानं माणसांना विचारलं, पावसाचा गार वारा कुणाला लागला? ढग दिसला? वीज? नाही ना, मग थेंब सांडायचा नाही. सगळे पार पोचले. डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही म्हणा!

अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात अशाच एका जन्मातला सिंहल व्यापारी भिंतभर रंगवलाय. व्यापाऱ्यांच्या इतक्या कथा का? लेण्यांना पैसा त्यांचाही होता. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांची नावं आजही वाचता येतात.

पाण्याची काळजी आमच्या कात्रजनंही वाहिली. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथं तलाव बांधला. जमिनीखालच्या नळातून ते पाणी पुण्यातल्या हौदांत पडू लागलं.